पिवळी ज्योत, निळी ज्योत : जुन्या गॅस टॉर्चचा बिघाड ओळखताना

मार्च २०११ मध्ये मझदा या जपानी मोटार कंपनीने उत्तर अमेरिकेत विकलेल्या सुमारे ६५ हजार गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. कारण होता एक छोटासा पिवळसर कोळी. पेट्रोलच्या टाकीला श्वास घेता यावा म्हणून ठेवलेल्या बारीक नळीत शिरून तो जाळे विणत होता. नळी तुंबली की टाकीत हवेची ओढ निर्माण व्हायची आणि टाकीला तडा जाण्याचा धोका होता. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन विमानतळावर हाच उद्योग एक गांधीलमाशी करते. विमानाचा वेग मोजणाऱ्या नळ्यांच्या तोंडात ती मातीचे घर बांधते. संशोधकांनी तशाच नळ्यांच्या प्रतिकृती विमानतळावर लावून तिचा अभ्यास केला आणि तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

मोटारी आणि विमाने ज्यामुळे अडतात, त्याने कारखान्याच्या कोपऱ्यात पडून राहिलेली गॅस टॉर्च अडावी यात नवल नाही. पावसाळाभर न वापरलेली टॉर्च बाहेर काढली, काडी लावली आणि निळ्या सुईसारख्या ज्योतीऐवजी पिवळी, ढिली, काजळी सोडणारी ज्योत आली, तर पुष्कळदा आत कोळ्याचे जाळे, कुंभारीण माशीची माती किंवा नुसती धूळ सापडते. टॉर्च ‘म्हातारी झाली’ म्हणून भंगारात जाते, पण तिच्यात झिजण्यासारखे फार थोडे असते. तिची वाट तुंबलेली असते. ती मोकळी करता येते. मात्र कुठे हात घालायचा आणि कुठे थांबायचे, हे माहीत असले पाहिजे.

फ्रिज आणि एसीच्या तांब्याच्या नळ्या जोडणारा मेकॅनिक, चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या हुपरीतला कारागीर, मृगाच्या आधी गच्चीवर डांबरी शीट तापवून चिकटवणारे कामगार आणि हॉटेलच्या स्वयंपाकघरात पदार्थाचा वरचा थर खरपूस करणारा शेफ, या सगळ्यांच्या हातात वेगवेगळ्या आकाराची हीच वस्तू असते. पूर्वी सोनार दिव्याच्या ज्योतीत बाकदार फुंकणीने तोंडाने हवा फुंकून डाख लावत असे. केबल जोडणाऱ्यांकडे रॉकेलचा ब्लो लॅम्प असे. कार्ल रिचर्ड नायबर्ग या स्वीडिश कारागिराने १८८२ च्या सुमारास आधुनिक ब्लो लॅम्प घडवला, आणि दहा वर्षांनी त्याच देशात प्रायमस स्टोव्ह जन्माला आला. इंधन बदलत गेले, पण ज्योतीत हवा मिसळून तिला धार आणण्याचे तत्त्व तेच राहिले.

ते तत्त्व समजले की निम्मी दुरुस्ती झाली. टॉर्चच्या मुठीतल्या झडपेतून गॅस पुढे येतो आणि पितळी नोझलच्या अतिबारीक भोकातून वेगाने बाहेर पडतो. हातात धरायच्या छोट्या टॉर्चमध्ये हे भोक ०.२ मिलिमीटरच्या आसपास असू शकते. भोकाच्या लगेच पुढे नळीला बाजूने छिद्रे असतात. वेगाने धावणारा गॅस त्या छिद्रांतून बाहेरची हवा आत ओढतो, पुढच्या नळीत दोन्ही मिसळतात आणि टोकाला पेटतात. अरुंद जागेतून वेगाने जाणाऱ्या प्रवाहाचा दाब कमी होतो, हे इटालियन भौतिकशास्त्रज्ञ व्हेंचुरी यांनी १७९७ मध्ये मांडले होते. मिसळणाऱ्या नळीला आजही त्यांच्याच नावाने ओळखतात.

पेटण्याआधीच हवा मिसळून घेणारा, आजच्या टॉर्चचा पूर्वज शोभेल असा बर्नर १८५५ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठात तयार झाला. रॉबर्ट बुन्सेन यांची कल्पना आणि पीटर डेसागा या उपकरणकाराचे हात, असा तो योग होता. ही ज्योत इतकी स्वच्छ आणि रंगहीन होती, की तिच्यात धरलेल्या क्षारांचे खरे रंग दिसू लागले. त्या रंगांच्या आधारे बुन्सेन आणि त्यांचे सहकारी किर्चहॉफ यांनी १८६० आणि १८६१ मध्ये सिझियम आणि रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्ये शोधली. दुकानातल्या कारागिरालाही हीच गोष्ट उपयोगी पडते. ज्योतीचा रंग आणि आकार पाहून बिघाड कुठे आहे ते सांगता येते.

पिवळी ज्योत म्हणजे हवा कमी पडते आहे. एलपीजीमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन हे दोन वायू असतात. एक भाग प्रोपेन पूर्ण जळायला सुमारे २४ भाग हवा लागते, एक भाग ब्युटेनला सुमारे ३१ भाग. गॅसच्या मानाने हवा इतकी जास्त लागत असल्यामुळे बाजूच्या छिद्रांवर बसलेली धूळ किंवा नळीतले जाळे लगेच परिणाम दाखवते. न जळलेला कार्बन तापून पिवळा दिसतो आणि कामावर काजळी होऊन बसतो. काजळलेल्या सांध्यावर डाख धरत नाही. म्हणून पिवळी ज्योत दिसली की नोझलला हात लावण्याआधी हवेची छिद्रे आणि मिश्रणाची नळी तपासावी.

ज्योत निळी आहे, पण मरतुकडी आहे आणि झडप पूर्ण उघडूनही वाढत नाही, तर गॅसच कमी येतो आहे. इथे संशय नोझलवर जातो. पण आधी सोप्या गोष्टी पाहाव्यात: सिलिंडर संपत आला आहे का, नळी कुठे दुमडली आहे का, रेग्युलेटर योग्य आहे का. स्वयंपाकाच्या शेगडीचा रेग्युलेटर जेमतेम ३० मिलिबार दाबाने गॅस सोडतो. स्वतःच हवा ओढून घेणाऱ्या बहुतेक टॉर्चना त्याच्या कित्येक पट दाब लागतो. अशी टॉर्च घरच्या रेग्युलेटरला जोडली तर ती कधीच नीट पेटणार नाही. शिवाय घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याच्या कामाला वापरणे कायद्याने मना आहे.

तिसरी तक्रार गमतीची वाटते, पण ती समजून घेण्यासारखी आहे. ज्योत टोकापासून सुटून पुढे हवेत तरंगते आणि विझते, किंवा उलट ‘फट्’ असा आवाज करून नळीच्या आत शिरते. हवेत मिसळलेल्या प्रोपेनची ज्योत सेकंदाला साधारण ४० सेंटिमीटर वेगाने पसरते. मिश्रण याहून फारच वेगाने बाहेर आले तर ज्योत उचलली जाते. ते फार हळू आले तर ज्योत मागे सरकत आत जाते. सुटणाऱ्या ज्योतीमागे दाब जास्त असणे, वारा, किंवा टोकाची आतली जाळी वा चकती जळून गेलेली असणे ही कारणे असतात. आत शिरणाऱ्या ज्योतीमागे कमी दाब, अर्धवट तुंबलेले नोझल किंवा लालभडक तापलेले टोक असते. ज्योत आत जळू लागली तर नळी तापते आणि घुमल्यासारखा आवाज येतो. अशा वेळी झडप ताबडतोब बंद करून टॉर्च पूर्ण थंड होऊ द्यावी.

कधी टॉर्च सुरुवातीला झकास पेटते आणि दहा-पंधरा मिनिटांत मलूल होते. सिलिंडरला हात लावला तर तो गारठलेला असतो, बाहेरून दव धरलेले असते. यात टॉर्चचा काही दोष नाही. सिलिंडरमधला द्रव वायू होताना स्वतःचीच उष्णता वापरतो. गॅस जितक्या वेगाने काढावा तितका तो थंड होतो आणि दाब उतरतो. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सियसला उकळतो, ब्युटेन मात्र शून्याच्या किंचित खाली. म्हणून निव्वळ ब्युटेनचा छोटा कॅन लडाखच्या थंडीत जवळजवळ निरुपयोगी ठरतो. महाराष्ट्रातही कॅन छोटा आणि ज्योत मोठी असली की हाच अनुभव येतो. यावर उपाय म्हणजे काम थांबवून सिलिंडर आपोआप तापू देणे किंवा मोठा सिलिंडर वापरणे. सिलिंडरला ज्योत दाखवून गरम करण्याचा विचारही करू नये. कॅन लावलेली टॉर्च पेटल्या पेटल्या उलटी धरली तर द्रव गॅस थेट नोझलपर्यंत येऊन मोठा पिवळा भडका उडतो. हाही बिघाड नसून धरण्याची चूक असते.

खटक्याने पेटणाऱ्या टॉर्चमध्ये ठिणगी पडत नसेल तर तो प्रश्न वेगळा. काही स्फटिक दाबले की त्यांच्यात वीज निर्माण होते, हे झाक आणि पियरे क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवून दिले. खटक्यात तोच गुण वापरलेला असतो. ठिणगीच्या तारेवर काजळी किंवा ओल बसली, तार वाकून अंतर वाढले किंवा भोवतालच्या चिनी मातीला तडा गेला, की ठिणगी भलतीकडे उडते. तार पुसून, सुकवून, पूर्वीच्या जागी वाकवून पाहावी. तरीही जमले नाही तर लायटरने पेटवावे. गॅसचा मार्ग ठीक असेल तर टॉर्च कामाची आहे.

आता सफाई. सिलिंडरचा कॉक बंद करून नळीतला उरलेला गॅस मोकळ्या हवेत जाळून संपवावा, टॉर्च सिलिंडरपासून सोडवावी आणि पूर्ण थंड होऊ द्यावी. पितळ मऊ असते. म्हणून एका पान्याने अंग धरून दुसऱ्याने सुटा भाग फिरवावा. पक्कड लावली की कडा गोल होतात. ज्वलनशील गॅसच्या सिलिंडर-जोडांचे आटे पुष्कळदा उलटे असतात. नटच्या कोपऱ्यांवर खाचा दिसल्या तर तो उलट्या आट्यांचा समजावा आणि नेहमीच्या सवयीने जोर लावून मोडू नये. सुटे केलेले भाग कापडावर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडावेत. मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर उत्तम.

मिश्रणाची नळी बाटली धुण्याच्या बारीक ब्रशने साफ होते. टोकावरची काजळी पितळी ब्रशने निघते. खरी कसोटी नोझलची. बहुतेकांचा हात इथे आपोआप सुईकडे जातो, कारण स्टोव्हला पिन मारण्याची सवय घराघरात होती. पण स्टोव्हची पिन त्या भोकाच्या मापाने बनवलेली असे. शिवणाची पोलादी सुई पितळ कुरतडते. ०.२० मिलिमीटरचे भोक ०.२५ मिलिमीटर झाले तर फरक नगण्य वाटतो, पण भोकाचे क्षेत्रफळ, आणि त्यासोबत गॅस, ५६ टक्क्यांनी वाढतो. हवेची छिद्रे मात्र तेवढीच राहतात. मग साफ केलेली टॉर्चच पिवळी जळू लागते आणि नोझल बदलल्याशिवाय ती पुन्हा निळी होत नाही.

म्हणून नोझलमधला मळ टोकरू नये, विरघळवावा. तो पुष्कळदा तेलकट, मेणचट असतो, आणि त्याचे एक कारण रबरी नळी हे असते. रबर लवचीक राहावे म्हणून त्यात मिसळलेले तेलकट पदार्थ एलपीजी हळूहळू शोषून घेतो आणि पुढे नोझलशी आणून सोडतो. नोझल दोन-चार तास ॲसिटोनमध्ये किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवावे. मात्र त्यावरचे रबरी वायसर आधी काढून घ्यावेत, नाहीतर ते फुगतात. मग पुढच्या बाजूने, म्हणजे गॅसच्या उलट दिशेने, हवेचा झोत द्यावा. पुष्कळ नोझलच्या पाठीमागे बारीक गाळणी बसवलेली असते, त्यामुळे मागून हवा मारली तर कचरा आणखी घट्ट बसतो. उजेडासमोर धरल्यावर भोक गोल आणि स्वच्छ दिसले की काम झाले. नाहीच निघाले तर ओळखीच्या सराफाकडे जावे. दागिने धुण्याचे अल्ट्रासॉनिक यंत्र त्याच्याकडे असते आणि सुईने न निघणारा मळ ते काही मिनिटांत सैल करते.

सफाईसाठी कुठला द्रव वापरायचा याबाबत एक इशारा द्यायलाच हवा. मोटारीचे ब्रेक साफ करण्याच्या काही फवाऱ्यांत क्लोरीनयुक्त द्रावक असतात. त्यांचा अंश राहिलेला भाग तापवला तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. असे फवारे टॉर्चच्या जवळ आणू नयेत. ॲसिटोन आणि अल्कोहोल हेही ज्वालाग्राही आहेत. भाग पूर्ण वाळल्याशिवाय काडी ओढू नये.

जोडणी करताना दोन चुका सर्रास होतात. पहिली, प्रत्येक जोडावर टेफलॉन टेप गुंडाळण्याची. पितळावर पितळ घट्ट बसून सील होणाऱ्या जोडाला टेपची गरजच नसते. उलट तिचा सुटलेला तुकडा वाहत जाऊन नुकतेच साफ केलेले नोझल पुन्हा बंद करतो. दुसरी चूक म्हणजे हाताला येईल तो वायसर बसवण्याची. नळाला चालणारे रबर एलपीजीला चालेलच असे नाही. ईपीडीएम जातीचे रबर या वायूंत फुगते, नायट्राइल टिकते. दुकानात ‘गॅसचा वायसर’ असेच मागावे. झडपेच्या दांड्याशी गळती असेल तर तिथला छोटा नट अगदी थोडा आवळून पाहावा. त्याने भागले नाही तर झडपच बदलावी.

मग येते गळतीची तपासणी, जी काडीने करण्याची हिंमत आजही काही जण दाखवतात. साबणाचे दाट पाणी प्रत्येक जोडावर ब्रशने लावावे आणि टॉर्चची झडप बंद ठेवून सिलिंडर उघडावा. बुडबुडा फुगला की गळती आहे. नाकावर पूर्ण भिस्त ठेवू नये. एलपीजीला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. सडक्या कोबीसारखा तो वास मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा असतो. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत वास नसलेला नैसर्गिक वायू साचून स्फोट झाला आणि जवळपास तीनशे मुले व शिक्षक गेले. त्यानंतर वायूत वास मिसळण्याचा नियम पसरला. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे तो जमिनीलगत, गटारात, तळघरात साचतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण दोन टक्के झाले तरी ठिणगी पुरते. टॉर्च उघडायची, जोडायची आणि पहिल्यांदा पेटवायची ती मोकळ्या जागेतच. फ्रिजच्या मेकॅनिकांसाठी यात आणखी एक भर घालायला हवी. आजच्या अनेक फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, हा पेटणारा वायू असतो. तो पूर्ण काढल्याशिवाय त्या नळ्यांना ज्योत दाखवणे जिवावर बेतू शकते.

इथवरची सगळी सफाई फक्त हवा ओढणाऱ्या टॉर्चची आहे. ऑक्सिजनचा सिलिंडर जोडलेली वेल्डिंगची टॉर्च ही वेगळीच गोष्ट. ऑक्सिजन आणि ॲसिटिलीनची ज्योत ३,१०० अंश सेल्सियसच्या आसपास जाते. ऑक्सिजनच्या जोडाला तेल किंवा ग्रीस लागलेला पानासुद्धा लावायचा नसतो, कारण दाबाखालचा ऑक्सिजन तेलाला ठिणगीशिवायही पेटवू शकतो. ॲसिटिलीन तांब्याच्या नळीतून नेत नाहीत, कारण तांब्याशी त्याचे स्फोटक संयुग बनते. आग मागे सिलिंडरकडे धावू नये म्हणून बसवलेला फ्लॅशबॅक अरेस्टर हा या टॉर्चचा जीवरक्षक असतो. तिची टीप मापाच्या टिप क्लीनरने साफ करणे एवढेच प्रशिक्षित वेल्डरने करावे. रेग्युलेटर आणि मूठ उघडण्याचे काम जाणकार दुरुस्ती केंद्राचे आहे.

जुनी टॉर्च केव्हा सोडून द्यावी, याचेही नियम सरळ आहेत. अंगाला तडा असेल, आटे झिजले असतील, साफ केलेल्या झडपेतून बंद असतानाही गॅस येत असेल, नोझलचे भोक मोठे झाले असेल आणि त्याच मापाचे नवे मिळत नसेल, तर ती भंगारात जाऊ द्यावी. डाख लावून किंवा एपॉक्सी भरून गॅसचे अंग दुरुस्त करू नये. एकदाच वापरायचे कॅन पुन्हा भरू नयेत. बाकी सगळे, म्हणजे जाळे, माती, काजळी, तेलकट मळ, सुकलेला वायसर, हे दुरुस्त होण्यासारखे आहे आणि त्याला फार पैसे लागत नाहीत. महाराष्ट्रातले कारागीर खंडेनवमीला हत्यारे घासूनपुसून पूजतात. वर्षातून एकदा टॉर्च उघडून साफ करायला तो दिवस सोयीचा आहे, कारण तेव्हा पावसाळा नुकताच संपलेला असतो. नंतर टोकावर कापडी पिशवी बांधून ठेवली तर कोळ्याला आत शिरायला वाव राहत नाही.

गॅसच्या रबरी नळीवर तिचे उत्पादन वर्ष छापलेले असते. घरगुती ‘सुरक्षा’ नळीची मुदत पाच वर्षांची आहे, आणि टॉर्चच्या नळीला तर उष्णता, ओढाताण आणि पायाखाली येणे हे सगळे सोसावे लागते. हा लेख वाचून झाल्यावर आपल्या नळीवरचे वर्ष एकदा पाहावे. मुदत संपली असेल किंवा वाकवल्यावर भेगा दिसत असतील, तर टॉर्चला हात लावण्याआधी नळी बदलावी. आणि एलपीजी गळतीचा वास आलाच तर कॉक बंद करून, विजेची बटणे न दाबता बाहेर पडावे आणि चोवीस तास चालू असलेल्या १९०६ या क्रमांकावर फोन करावा.